सर्व्हरची जागा लॉग खातोय आणि डिलीट होतायत आपल्या फाईली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सांगलीत गेली बरीच वर्षं छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळतो. सीएंची ऑफिसं, दोन-तीन पतसंस्था, एक प्रिंटिंग प्रेस, शाळा असं सगळं. आपल्या पेपरात टेक्नॉलॉजीचं पान असतं, ते मी वाचतो, त्यात मोबाईल येतात, एआय येतं, ऑनलाईन फसवणूक येते आणि ते यायलाच पाहिजे, पण ज्या एका साध्या गोष्टीमुळे ऑफिसं बंद पडताना मी दर वर्षी बघतो त्याबद्दल कुठेच काही येत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं मोठं झालंय, माफ करा.

गोष्ट अशी की ऑफिसात एक सर्व्हर असतो, त्यावर सगळ्यांच्या फाईली असतात, टॅलीचा डेटा, स्कॅन केलेले कागद, एक्सेल. एक दिवस सकाळी फोन येतो, "दादा, फाईल सेव्हच होईना झालीय, डिस्क फुल म्हणतंय." मग घाईघाईने कुणीतरी जुनं काहीतरी डिलीट करतं, काम चालू होतं, आणि दोन-तीन दिवसांनी परत तेच. कारण जागा लोकांच्या फाईलींनी खाल्लेलीच नसते. ती खाल्लेली असते लॉगने.

लॉग म्हणजे सर्व्हरने स्वतःसाठी ठेवलेली रोजनिशी. कोणता कॉम्प्युटर कधी जोडला, कुणाचा पासवर्ड चुकला, कुठे काय अडलं हे सगळं तो एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहीत जातो. या लिहिण्याला मर्यादा घातलेली असली तर कुणाला त्याची जाणीवसुद्धा होत नाही. मर्यादा निघाली की मात्र ती फाईल रात्रंदिवस वाढत राहते.

मागच्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे टॅक्स ऑडिटची तारीख तोंडावर असताना, एका सीएंच्या ऑफिसमधून मला बोलावणं आलं. ते माझं नेहमीचं गिऱ्हाईक नव्हतं, त्यांचा आधीचा माणूस फोन उचलत नव्हता. १५ कॉम्प्युटर, एक सर्व्हर, त्यावर विंडोजऐवजी डेबियन लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम आणि सांबा. (सांबा हे नाव ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: विंडोजवाल्या कॉम्प्युटरांना लिनक्सच्या सर्व्हरवरच्या फाईली वापरता याव्यात म्हणून जे सॉफ्टवेअर असतं ते सांबा. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली, कॉम्प्युटरांनी एकमेकांशी फाईलींची देवघेव करायच्या पद्धतीचं, म्हणजे प्रोटोकॉलचं नाव एसएमबी, तर डिक्शनरीत एस एम बी ही अक्षरं त्याच क्रमाने असलेले शब्द शोधले आणि त्यातून सांबा हे नाव उचललं. फुकट आहे, उत्तम आहे आणि बाजारात मिळणारे बरेचसे छोटे नॅस डबे, म्हणजे नेटवर्कला जोडून फाईली ठेवायचे डबे, आतून सांबाच चालवतात, त्यामुळे तुमच्या ऑफिसात ते असेल आणि तुम्हाला माहीत नसेल असंही होऊ शकतं.)

तर ५०० जीबीची डिस्क, एकच पार्टिशन, म्हणजे लोकांच्या फाईली आणि सर्व्हरचं स्वतःचं सामान सगळं एकाच जागेत. मी जायच्या तीन दिवस आधी डिस्क फुल झाली होती. तिथल्या अकाउंट्स बघणाऱ्या ताईंनी सरांना विचारून एक जुना फोल्डर डिलीट केला, तीन वर्षांपूर्वीच्या क्लायंटांची स्कॅन केलेली बिलं आणि व्हाउचर, ८ जीबी भरला तो. काम चालू झालं. तीन दिवसांत परत फुल. मी पोचलो तेव्हा त्या पुढचा फोल्डर सिलेक्ट करून बसल्या होत्या, डिलीटवर बोट होतं असं म्हटलं तरी चालेल.

मी पहिल्यांदा डीएफ कमांड दिली, ती डिस्क किती भरलीय ते सांगते, डिस्क १०० टक्के. मग डीयू कमांड देऊन एकेका फोल्डरचं वजन बघत खाली गेलो, याला दहा मिनिटंही लागत नाहीत. लोकांच्या सगळ्या फाईली मिळून १७० जीबी. आणि व्हार फोल्डरमधल्या लॉगमधला सांबाचा फोल्डर एकटा २०० जीबी, आणि एक दडलेली ९० जीबीची फाईल नंतर सापडली, तिची गोष्ट पुढे येते, ती धरून २९० जीबी. ताईंना मी स्क्रीनवर आकडे दाखवले, त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या, आणि मग विचारलं की मी डिलीट केलेलं परत आणता येईल का. सांबावरून डिलीट केलेली फाईल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, सर्व्हरवर रिसायकलचं मॉड्यूल वेगळं चालू केलेलं असेल तरच ती सापडते, इथे ते नव्हतं. बॅकअप होता तो एप्रिलमधला, एका पोर्टेबल डिस्कवर, आणि त्यात तो फोल्डर अर्धाच होता. त्या बाईंची यात काहीएक चूक नव्हती. डिस्क फुल असं स्क्रीन म्हणतं, माणूस समोर दिसतं ते डिलीट करतो. समोर लॉग दिसतच नाही, कारण तो शेअर केलेल्या फोल्डरात नसतो.

आता हे २९० जीबी आले कुठून? सांबाच्या फोल्डरात प्रत्येक कॉम्प्युटरची वेगळी लॉग फाईल असते, त्या मशीनच्या नावाने नाहीतर आयपी पत्त्याने, डेबियनमध्ये तशीच पद्धत असते. त्यामुळे कोण बडबड करतंय हे फाईलच्या नावावरूनच कळतं. सगळ्यात मोठी फाईल होती कोपऱ्यातल्या झेरॉक्स मशीनची, म्हणजे त्या मल्टिफंक्शन मशीनमधल्या स्कॅनरची. जूनमध्ये सर्व्हर अपग्रेड केला होता. सांबाने ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, एसएमबी१ हा जुना प्रोटोकॉल आपणहून बंद ठेवलाय, आणि तो स्कॅनर फक्त एसएमबी१ च बोलत होता. त्यामुळे स्कॅन टू फोल्डर बंद पडलं. तेव्हाच्या टेक्निशियनने कारण शोधायला सांबाच्या कॉन्फिग फाईलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाईलमध्ये, लॉग लेव्हल (किती बारीकसारीक लिहायचं तो आकडा) १० केली, आणि काहीच निसटू नये म्हणून मॅक्स लॉग साइज शून्य केली. मग त्याला उत्तर सापडलं नाही, ऑफिसने पेन ड्राइव्हवर स्कॅन करायला सुरुवात केली, आणि सेटिंग तसंच राहिलं. स्कॅनर मात्र दिवसरात्र काही सेकंदाला एकदा दार वाजवत होता, सर्व्हर नाही म्हणत होता आणि प्रत्येक नकाराचं पानभर वर्णन लिहून ठेवत होता. त्यात बाकीचे १५ कॉम्प्युटर, प्रत्येक उघडलेल्या फाईलमागे शेकडो ओळी.

लॉग लेव्हल शून्यापासून दहापर्यंत देता येते. रोजच्यासाठी शून्य किंवा एक पुरते. तीन म्हणजे आमच्यासारख्याला अडचण शोधायला. त्याच्या वरच्या सगळ्या लेव्हल सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी आहेत, असं सांबाच्या मॅन्युअलमध्येच म्हटलंय. आणि मॅक्स लॉग साइज हा आकडा केबीमध्ये असतो, डेबियनमध्ये तो १००० येतो, म्हणजे साधारण एक एमबी झाली की जुनी फाईल ओल्ड म्हणून बाजूला आणि नवीन सुरू. एका मशीनमागे जास्तीत जास्त दोन एमबी. १५ कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर धरला तरी बत्तीस एमबी. बत्तीस एमबीत बसणारी गोष्ट २९० जीबीवर गेली ती या आकड्याच्या जागी शून्य लिहिल्यामुळे, कारण शून्य म्हणजे मर्यादाच नाही. नवीन मुलांना वाटतं शून्य म्हणजे लॉग बंद. हे मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय.

मग विचाराल की जुने लॉग आपोआप कापायला लॉगरोटेट असतं ना, त्याने काय केलं. तो रोज चालत होता, पण डेबियनच्या पॅकेजबरोबर सांबासाठी जी फाईल येते त्यात ठरावीक दोन-तीन लॉगांचीच नावं असतात, मशीनवार फाईली त्यात येत नाहीत, त्यांची मर्यादा सांबाने स्वतः पाळायची असते, आणि ती तर काढून टाकलेली. दुसरीकडे एका शाळेत मी उलटं बघितलं, तिथे लॉगरोटेटमध्ये सगळं बरोबर लिहिलेलं होतं पण कुणीतरी परमिशनचा त्रास नको म्हणून लॉगचा अख्खा फोल्डर ७७७ करून ठेवला होता. असा सगळ्यांना लिहिता येणारा फोल्डर दिसला की लॉगरोटेट तो असुरक्षित म्हणून सोडून देतं, पुढे जातं, आणि ही तक्रार ज्या जागी लिहितं ती जागा कुणी उघडत नाही. लॉगरोटेटला -डी देऊन चालवलं की ते काहीही न बदलता नुसतं काय करणार ते सांगतं, ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. आणि प्रेसमध्ये तर अजून वेगळं, तिथे सर्व्हरवर प्रिंटर नव्हताच पण सांबा दर थोड्या वेळाने प्रिंटरची यादी मागायला कप्सकडे, म्हणजे लिनक्समधल्या प्रिंटर सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे, जात होता आणि कनेक्शन रिफ्यूज्ड लिहीत होता, दोन-दोन ओळी, पण वर्षानुवर्षं. सांबाच्या सेटिंगमध्ये प्रिंटिंगचा भाग बंद केला आणि संपलं.

परत सीएंच्या ऑफिसकडे येतो, कारण खरी चूक इथे होते. सरांचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे, त्याने मी यायच्या आदल्या रात्री फोनवर कुणालातरी विचारून एक मोठा लॉग आरएम, म्हणजे डिलीटची कमांड, देऊन उडवला होता. ९० जीबीची फाईल उडाली आणि जागा एक एमबीनेही वाढली नाही. सगळे घाबरले, डिस्कच खराब झाली म्हणाले. डिस्कला काही झालं नव्हतं. लिनक्समध्ये एखादी फाईल कुठल्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, उघडी धरलेली असेल तर डिलीट केल्यावर तिचं नाव जातं, जागा जात नाही, ती प्रोसेस फाईल सोडेपर्यंत तशीच अडकून राहते आणि वर डीयूमध्येही दिसेनाशी होते. मला डीएफ आणि डीयूच्या बेरजेत फरक दिसला तिथेच शंका आली, मग कुठली फाईल कुणी उघडी धरलीय ते दाखवणाऱ्या एलएसओएफ कमांडने बघितलं तर ती नाव नसलेली फाईल सांबाच्या हातात होती, आणि त्या वेळेपर्यंत तिच्यात अजून लिहिणं चालूच होतं. सांबा रीस्टार्ट केला की ती सुटते, पण भर ऑडिटमध्ये रीस्टार्ट म्हणजे १५ जणांच्या उघड्या फाईली तुटणार, म्हणून आम्ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबलो, सगळ्यांना टॅली बंद करायला लावलं आणि मग केलं.

म्हणून सांगतो, वाढलेली लॉग फाईल डिलीट करू नका, रिकामी करा. ट्रंकेट नावाची कमांड आहे, साइज शून्य दिली की फाईल जागेवर राहते, आतला मजकूर जातो, जागा त्याच क्षणी मोकळी होते, सांबाला कळतही नाही. आणि रिकामी करायच्या आधी तिच्या शेवटच्या हजार-दोन हजार ओळी दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर काढून घ्या, कारण काय बिघडलंय ते त्या ओळीच सांगतात. मी त्या स्कॅनरच्या फाईलच्या शेवटच्या ओळी वाचल्या नसत्या तर लॉग रिकामा करून, मर्यादा घालून, पैसे घेऊन घरी गेलो असतो आणि स्कॅनर आजही दार वाजवत बसला असता.

स्कॅनरचं फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, कंपनीच्या साइटवर नवीन होतं, त्यात एसएमबी२ आलं होतं, अर्ध्या तासात काम झालं, चार महिन्यांनी स्कॅन टू फोल्डर चालू. सरांनी मला आधी विचारलं होतं की तो जुना प्रोटोकॉलच सर्व्हरवर चालू करून द्या की, कशाला एवढं. मी नाही म्हणालो. मे २०१७ मध्ये फाईली लॉक करून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला तो विंडोजच्या याच एसएमबी१ मधल्या भोकातून. एका स्कॅनरसाठी सगळ्या ऑफिसला त्या जुन्या प्रोटोकॉलवर परत नेणं मला पटत नाही. मशीनला नवीन फर्मवेअर नसेल तर ईमेलवर स्कॅन घ्या, पण ते दार उघडू नका.

आणखी एक बारीक गोष्ट, जी समजायला मला स्वतःला उशीर लागला. ईएक्सटी४ या लिनक्सच्या डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धतीत, म्हणजे फाईल सिस्टीममध्ये, साधारण ५ टक्के जागा रूटसाठी (सर्व अधिकार असलेल्या मुख्य युजरसाठी) राखीव असते, ५०० जीबीत ती जवळपास २५ जीबी होते. म्हणजे लोकांना डिस्क फुल दिसतेय, ताईंची एक ओळ सेव्ह होत नाहीये, पण रूट म्हणून चालणाऱ्या प्रोसेसचा लॉग मात्र त्या राखीव जागेत लिहिला जातोच आहे. म्हणून फुल झाल्यावर काही तास थांबून बघू असं करू नका, तेवढ्या वेळात परिस्थिती अजून बिघडते.

मग लॉग ठेवायचेच नाहीत का? तसं अजिबात नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, कंपन्या, सरकारी कार्यालयं, डेटा सेंटर यांनी आपल्या सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे, आणि सायबर घटना घडली तर सहा तासांत कळवायचं. फार छोट्या ऑफिसांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो फोल्डर गेल्यावर ऑफिसात मला पहिला प्रश्न हाच होता की नक्की किती फोल्डर गेले, कुणाच्या कॉम्प्युटरवरून गेले. एवढे २९० जीबी लिहिले होते पण एका साध्या प्रश्नाचं उत्तर त्यातून काढायला मला अर्धा दिवस लागला. कारण मशीनच्या दुखण्याचा लॉग वेगळा आणि कुणी कुठली फाईल उडवली याचा लॉग वेगळा. दुसऱ्यासाठी सांबात फुल ऑडिट नावाचं मॉड्यूल आहे. त्यातही ऑल लिहिलं की प्रत्येक फाईल उघडल्या-वाचल्याची नोंद सिसलॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या सामाईक लॉगमध्ये, जाते आणि तिथे सांबाची मॅक्स लॉग साइज लागू होत नाही, म्हणजे परत पूर. मी फक्त डिलीट, रिनेम आणि लॉगिन एवढंच नोंदवतो, ते वेगळ्या फाईलमध्ये पाठवतो, लॉगरोटेटला आठवड्याला एक, अशा २६ फाईली कॉम्प्रेस करून ठेवायला सांगतो. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. त्या ऑफिसात हे चालू केल्याला बरेच महिने झाले, सगळं मिळून काही एमबीच आहे.

अडचण शोधताना लेव्हल वाढवावी लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही वाढवतो. पण कॉन्फिग फाईलला हात न लावता एसएमबीकंट्रोल कमांडने चालू सांबाची लेव्हल वाढवता येते, रीस्टार्ट झाला की ती आपोआप मूळ जागी येते, विसरलं तरी कायमची राहत नाही. एकाच मशीनचा त्रास असेल तर त्या एका मशीनपुरती वेगळी कॉन्फिग जोडता येते. फक्त लॉगिनची अडचण असेल तर लेव्हल एक ठेवून ऑथ, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या भागाची, तेवढी पाच करता येते. हे सगळं मॅन्युअलमध्ये आहे. आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांना नेटवर्किंग शिकवताना सर्व्हर उभा कसा करायचा ते शिकवतात, तो दोन वर्षांनी जागेवर कसा राहील ते शिकवत नाहीत, माझ्याकडे येणाऱ्या एकाही मुलाला मॅक्स लॉग साइज माहीत नव्हती. शिक्षकांनी एक तास याच्यावर घ्यावा ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणि ऑफिस चालवणाऱ्यांना विनंती ही की तुमच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदावर एक ओळ लिहून घ्या, दर महिन्याला डिस्कचे आकडे आणि सगळ्यात मोठे पाच फोल्डर लेखी द्यायचे. टेक्निशियनने सेटिंग बदललं तर तारीख टाकून सर्व्हरशेजारच्या वहीत लिहायचं. मी आता प्रत्येक ठिकाणी शंभर पानी वही ठेवतो, आणि डिस्क ८० टक्के भरली की मेल येईल अशी छोटी स्क्रिप्ट लावतो. शक्य असेल तिथे लॉगसाठी वेगळं पार्टिशन करतो म्हणजे पूर आलाच तरी तो त्या डबक्यातच राहतो, लोकांच्या फाईलींपर्यंत येत नाही.

त्या ८ जीबीचं म्हणाल तर मूळ कागद क्लायंटांकडे परत गेलेले होते. ताई अजून फोन करून एकेकाकडून फाईल मागवतात आणि दुपारी चारनंतर त्याच स्कॅनरवर परत स्कॅन करतात. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा निम्म्याच्या वर झालं होतं, काही क्लायंटांकडे मात्र कागदच उरलेले नाहीत.

पत्र लांबलंय, पानावर जागा कमी असेल तर बाकी काहीही कापा, सांबाची गोष्ट कापा, स्कॅनरची कापा, पण एवढं मोठ्या अक्षरात ठेवा: डिस्क फुल आली तर आधी डीयू चालवून जागा कुणी खाल्लीय ते बघा, तोवर एकही फाईल डिलीट करू नका.

आपला नियमित वाचक,
एक सिस्टीम अ‍ॅडमिन, सांगली